दहापैकी नऊ वेळा

१७ ऑक्टोबर

माझ्या विशेष वर्गातल्या कैयाच्या वार्षिक आराखड्याची बैठक पुढच्या गुरुवारी. बाकीच्या मुलांचे आराखडे मी शेवटच्या दिवसापर्यंत ढकलते, हिचा मात्र मी हौसेनं लिहायला बसते. वर्षातून एकदा आईवडील, मी आणि जिल्ह्याचे विशेष शिक्षणप्रमुख ऑस्ट्रँडर एका टेबलाभोवती बसतो आणि मुलानं येत्या वर्षात काय शिकायचं ते ठरवतो. 'नीट वागेल' असं लिहून चालत नाही. नीट म्हणजे काय, किती वेळा, मोजलं कुणी, हे सगळं एका वाक्यात यावं लागतं.

कैयासाठी तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'मोठ्या माणसानं सूचना दिल्यावर कैया ती दहा सेकंदांत पाळेल, दहापैकी नऊ वेळा.' तेव्हा ती अकराची होती. जिन्याच्या मध्येच फतकल मारून बसायची. आग लागल्यास बाहेर पडायच्या सरावाला टेबलाखाली शिरायची. दोनदा पळत हायवेपर्यंत गेली होती, आणि एकदा ओंडके वाहणारा एक ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. लॉरेनच्या मनगटावर तिच्या दातांची खूण आहे. लॉरेन माझी मदतनीस. या वर्गात तिला बावीस वर्षं झाली. माझ्याआधीच्या चार शिक्षिका तिनं येताना आणि जाताना पाहिल्या आहेत.

आज आलेख पूर्ण केला. पहिल्या महिन्यात दहापैकी एक. आता शंभरात सत्त्याण्णव. ऑस्ट्रँडरनी त्याची प्रत नव्या शिक्षकांना दाखवायला मागून घेतली. मला एवढं बरं वाटलं की मी तो लॉरेनलाही दाखवला. ती चष्मा वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "कधी कधी वाटतं, एकदा चावली तर बरं."

मी हसले. तिची विनोदाची तऱ्हाच तशी.

२४ ऑक्टोबर

बैठक छान झाली. कैयाची आई डेनीस वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून थेट आली, अंगावर एप्रन तसाच. येताना वेलचीचा पाव घेऊन आली होती. आलेख बघून रडली. म्हणाली, आता मी हिला दुकानात नेऊ शकते, चर्चमध्ये नेऊ शकते, तुम्ही आम्हाला माणसांत आणलंत. अशा दिवसांसाठीच मी या नोकरीत टिकले आहे.

उठता उठता तिनं एक विचारलं. घरी कैया हल्ली विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही, हे असंच असतं का? मी म्हटलं, शाळेत शिकलेलं घरीही उतरतंय, चांगली खूण आहे.

नवं ध्येय लिहिलं: 'थांब म्हटल्यावर कैया देखरेखीशिवाय वीस मिनिटं एका जागी थांबेल, पाचपैकी चार वेळा.' पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार, तिथे दर वेळी कुणी हात धरायला नसेल. डेनीसला फार आवडलं.

१२ नोव्हेंबर

कैयाला ग्रंथालयाच्या दाराशी 'थांब' म्हणून मी ऑफिसात फोन घ्यायला गेले. फोन लांबला. परत आले तेव्हा ती तिथेच उभी होती, एक पाऊलही हललेली नव्हती. पँट ओली. पायाखाली डबकं.

लॉरेननं तिला बदलून आणलं. मी वहीत लिहिलं: पंचवीस मिनिटं, एकही आठवण न देता. बाजूला लिहिलं: स्वच्छतागृहाच्या वेळा पुन्हा ठरवणे.

५ डिसेंबर

जेवणाच्या हॉलमध्ये कुणीतरी कैयाला सांगितलं, हे पी. मग आणखी एकदा, हे पी. दुधाची पाच छोटी खोकी प्यायली आणि टेबलावरच ओकली. ज्या मुलींनी सांगितलं त्यांना मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं तिला आवडतं, ती नाही म्हणालीच नाही.

ध्येयात मी 'मोठ्या माणसानं' असं लिहिलं आहे. कैया तो फरक करत नाही, हे खरं. पुढच्या आराखड्यात यावर काहीतरी घालायला हवं.

१ फेब्रुवारी

काल लिहू शकले नाही.

काल शुक्रवार. बर्फाच्या मूर्तींचा मेळा दुसऱ्या दिवशी होता, म्हणून आठवीचा वर्ग शाळेमागे मूर्ती पुरी करत होता. कैयाला त्यांच्यात घ्या म्हणून मीच महिनाभर पाठपुरावा केला होता. दुपारी तिला तिथे सोडलं आणि म्हटलं, मुली सांगतील तसं कर.

वारा सुटला तेव्हा ब्रिन नावाच्या मुलीनं मूर्तीवरच्या ताडपत्रीची दोरी कैयाच्या हातात दिली. म्हणाली, धर, सोडू नकोस, आलेच मी. एवढ्यात ब्रिनचे वडील तिला न्यायला आले, आणि ती विसरली. शाळा सुटली. लॉरेन बसपाशी होती. शुक्रवारी डेनीस स्वतः न्यायला येते, म्हणून मला वाटलं ती घेऊन गेली असेल. डेनीसला वृद्धाश्रमात जास्त वेळ थांबावं लागलं होतं. तिला वाटलं मी थांबवून घेतलं असेल. मी तेव्हा माझ्या टेबलाशी बसून दुसऱ्या एका मुलाचं ध्येय नीट मोजता येईल असं करत होते.

एक तास वीस मिनिटं. पारा शून्याच्या कितीतरी खाली. शाळेच्या रखवालदाराला ती दिसली. दोरी दोन वेढे देऊन हाताला गुंडाळलेली, बोटं मेणासारखी पांढरी. हातमोजे खिशात होते. घाल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्यापासून दार पंधरा पावलांवर होतं. मी आज मोजली.

३ फेब्रुवारी

दोन तास गाडी चालवून मोठ्या हॉस्पिटलात गेले. उजवा हात गुंडाळून उशीवर ठेवलेला. डेनीस खुर्चीत बसून होती, तिनं मला बघून उठून जागा दिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी कैयाला विचारलं, "तू आत का नाही आलीस?"

"धरलं," ती म्हणाली. "मी धरलं. सोडलं नाही."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती कशाची वाट बघतेय ते मला कळलं. तीन वर्षं मी दर वेळी तेच दिलं आहे. तोंडातून निघूनच गेलं, "शाब्बास." ती हसली. डेनीस खिडकीकडे वळली.

बोटांचं काय, हे इतक्यात कळणार नाही. डॉक्टर म्हणाले, हिमदंशात सहा आठवडे वाट बघायची. बोट कुठवर जगायचं ते बोटच ठरवतं.

११ फेब्रुवारी

ब्रिन तिच्या आईबरोबर वर्गात आली. तेरा वर्षांची पोर, रडून डोळे सुजलेले. लॉरेननं तिला कोको करून दिला. तिला एकच गोष्ट समजत नव्हती, ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती: "पण तिनं सोडली का नाही? कुणीही सोडली असती."

लॉरेन माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, तुझा दोष नाही. त्यापुढचं वाक्य मी बोलले नाही.

२० फेब्रुवारी

तातडीची बैठक. ऑस्ट्रँडर आले होते, जिल्ह्याचे वकीलही आले होते. वकील सगळा वेळ लिहीत होते. देखरेख कुणी कधी करायची याची दोन पानं झाली. 'थांबेल' हे ध्येय काढून टाकलं. पहिलं ध्येय साध्य झालेलं असल्यामुळे काढण्याचा प्रश्नच आला नाही. ते फायलीत तसंच राहिलं, हिरव्या खुणेसकट.

शेवटी ऑस्ट्रँडरनी डेनीसला विचारलं, पालक म्हणून तुम्हाला काय हवं आहे? तिनं एप्रनची नाडी बोटाला गुंडाळली.

"तिला नाही म्हणायला शिकवा," ती म्हणाली. "पूर्वी येत होतं तिला."

मला वाटलं, आता खुर्चीसकट जमिनीत जावं.

ऑस्ट्रँडर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि म्हणाले, चांगलं ध्येय आहे, लिहू या. मग नेहमीचे प्रश्न. नकार कशाला म्हणायचं? तिला काय नकोसं आहे ते आपल्याला कसं कळणार? दोन वेगवेगळी माणसं बघत असतील तर दोघांचा आकडा सारखा यायला हवा. मी म्हटलं, शब्द मोजू या, शब्द ऐकू येतो. म्हणजे हेही वाक्य माझंच: 'धोक्याची किंवा गैर मागणी केल्यास कैया "नको" असं म्हणेल, पाचपैकी चार वेळा.'

सगळ्यांनी सह्या केल्या.

१४ मार्च

मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं वरचं पेर गेलं. डेनीसचा फक्त निरोप आला, शस्त्रक्रिया दुपारी सुखरूप पार पडली म्हणून. लॉरेननं वाचला आणि भांडी धुवायला गेली. भांडी सकाळीच धुतलेली होती.

२६ मार्च

कैया परत आली. वर्गात येऊन प्रत्येकाला हात दाखवला. पेन्सिल धरायला नव्यानं शिकावं लागेल, त्यासाठी वेगळं ध्येय लिहायचं आहे.

सरावाला सुरुवात केली. मी म्हटलं, "कैया, मला तुझं जॅकेट दे." तिनं दिलं. मी परत दिलं. "नको म्हण." "नको." "शाब्बास. मला तुझं जॅकेट दे." तिनं दिलं. "नको म्हण." "नको."

वीस वेळा केलं. सतराव्या वेळेनंतर ती आपणहून म्हणायला लागली.

घरी येऊन सूप गरम केलं आणि मग ते खाववेना. मी 'नको म्हण' म्हणते आणि ती म्हणते. ती ऐकतेच आहे. मी तिला न ऐकायला सांगते आणि ती तेही ऐकते. यातून बाहेर पडायचं दार कुठे आहे? मी दोन पदव्या घेतल्या, दर उन्हाळ्यात प्रशिक्षण घेतलं. हे मला कुणी शिकवलं नाही. की शिकवलं होतं आणि तेव्हा मी आलेख काढत होते?

२ एप्रिल

ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंना परवा फोन केला. आता निवृत्त आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, मुलाला नकार शिकवायचा तर त्याचा नकार मानावा लागतो. तो म्हणेल नको, आणि मग ती गोष्ट खरंच व्हायची नाही. गणित नको तर गणित नाही. तुझ्या वर्गात असं चालेल का?

दोन दिवस करून पाहिलं. कैयाला विचारलं, गणित करायचं की नको? ती माझा चेहरा वाचत होती. मला कोणतं उत्तर हवंय ते शोधत होती. मी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, तशी ती घाबरली आणि माझी बाही धरून म्हणाली, "सांग. सांग."

१७ एप्रिल

सोमवारी पाचपैकी चार. आठवण न देता. मी जॅकेट मागितलं, लॉरेननं मागितलं, संगीताच्या सरांनी मागितलं, तिघांनाही 'नको' म्हणाली. ऑस्ट्रँडरचा मेल आला: एवढ्या लवकर! फार छान.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा सलग सहा तास झोपले.

लॉरेन आनंदली नाही. म्हणाली, तिचे हात बघ. तोंडानं नको म्हणते आणि हात चेनकडे जातो. आपण नको ऐकलं की लगेच शाब्बास म्हणतो आणि तिथेच थांबतो. थांबलो नाही तर ती काय करते, ते आपण एकदाही पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, ध्येयात शब्दच आहे.

"ते मला माहीत आहे," लॉरेन म्हणाली. "ते कुणी लिहिलं तेही माहीत आहे."

तीन दिवस झाले, आम्ही फक्त कामापुरतं बोलतो आहोत.

८ मे

लॉरेनचं म्हणणं मी मान्य केलं. अनोळखी माणूस, शाळेबाहेरची जागा, आणि आम्ही दिसायचं नाही. नकार खरा आहे का ते असं तपासतात, पुस्तकात आहे. तिचा मेहुणा डेल हो म्हणाला. साठीचा, लाकूड कापणारा, दाढीवाला, मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस. कैयानं त्याला कधी पाहिलेलं नाही. डेनीसला विचारलं. ती म्हणाली, मी पण येते, मला बघायचंय. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली.

२१ मे

गावाच्या वाचनालयासमोर. सरोवरावरून गार वारा येत होता, पण ऊन होतं. कैयाला बाकावर बसवलं, हातात चित्रांचं पुस्तक. लॉरेन म्हणाली, मी पुस्तकं परत देऊन येते, आणि आत गेली. मी आणि डेनीस तिच्या गाडीत, रस्त्यापलीकडे, काचा खाली. डेनीसनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

डेल त्याचा पिकअप ट्रक घेऊन आला. उतरला. आम्ही ठरवून दिलेलं वाक्य त्यानं म्हटलं: "ए पोरी, चल, गाडीत बस. तुला घरी सोडतो."

कैयानं वर पाहिलं.

"नको," ती म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं. रस्त्यापलीकडे आम्हाला ऐकू आलं.

डेनीसनं माझा हात पकडला.

मग कैयानं पुस्तक मिटलं, बाकावर नीट ठेवलं, पिकअपला वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडलं आणि चढून बसली. पट्टा लावला. उरलेल्या बोटांनी तो लावायला तिला वेळ लागला. डेल तसाच रस्त्यात उभा. त्यानं टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून आमच्याकडे बघत राहिला. पुढचं आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. पुढचं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मी धावत गेले. दार उघडलं. ती समोर बघत बसली होती, शहाण्यासारखी. मला बघून हसली. "नको म्हटलं," तिनं मला सांगितलं.

मी म्हटलं, उतर.

ती लगेच उतरली.

२९ मे

वर्षअखेरचा अहवाल. ऑस्ट्रँडरना फोन करून सगळं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, वाचून दाखवा ध्येय. मी वाचलं. ते म्हणाले, मिस लाम्पिनेन, तुम्ही लिहिल्याप्रमाणे तिनं केलं आहे. वाक्य बदलायचं तर बैठक बोलवावी लागेल, आणि ती आता सप्टेंबरात, नव्या शाळेत, नव्या शिक्षिकेसमोर. टिप्पणीच्या जागी हवं ते लिहा.

टिप्पणीच्या जागेत अडीचशे अक्षरं मावतात. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी डेलच्या गाडीचं सगळं एका वाक्यात बसवलं. वर 'साध्य' ची खूण तशीच आहे. ती खूण संगणक स्वतःच करतो.

५ जून

शाळेचा शेवटचा दिवस. बाकीची मुलं अकराला गेली. लॉरेननं भिंतीवरचं सगळं उतरवलं. कैयाचा आलेख मागच्या कपाटावर चिकटवलेला होता, तो तिनं काढून माझ्यासमोर ठेवला. मी तो फाइलमध्ये घातला. फाडायचा अधिकार मला नाही, सात वर्षं ठेवावा लागतो.

डेनीस कैयाला न्यायला आली. कैया मागच्या सीटवर बसली. आम्ही दोघी गाडीच्या टपावर कोपर टेकवून उभ्या राहिलो. मी माफी मागितली. आधी दोनदा मागून झाली होती; तिनं या वेळीही हात हलवून बाजूला केली, जशी आपण वाफ बाजूला करतो.

ती म्हणाली, आश्रमातल्या म्हाताऱ्यांत एक बाई आहे, तिचा मुलगा कैयासारखा. पन्नाशीचा. बाई गेली तर तो कुणाकडे जाईल आणि ती माणसं त्याला काय काय करायला सांगतील, एवढाच विचार ती दिवसभर करते. आता मीही करते.

मग म्हणाली, "तुम्ही ध्येयं लिहिता ना. एक माझं लिहून घ्या. तिच्यानंतर एक दिवस जगायचं. एकच." थोडं हसली. "हे मोजता येईल ना?"

"येईल," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि गाडीत बसली. आतून कैया काचेला हात लावून माझ्याकडे बघत होती, मी काही सांगते का याची वाट बघत. मी काहीच सांगितलं नाही. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तिचा हात काचेवर होता.